चार शुक्रवार

वडगावच्या त्या गल्लीत सकाळी आठला पॉवरलूम सुरू झाले की माणसं आपोआप आवाज चढवून बोलायची. मधेच लाइट गेली की तोच चढलेला आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. "आमच्यात काय झाकून ऱ्हात न्हाय बाळांनो," असं अक्काताई कॉलेजच्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. "तवा तुम्ही बी काय झाकू नका."

ही पोरंपोरी समाजकार्याच्या कॉलेजची. अकरा वर्षांपूर्वी नागेंद्र सर पहिल्यांदा गल्लीत आले होते. आमच्या मुलांना शिकायला एक वस्ती हवी आहे, म्हणाले. तेव्हा उंबऱ्यावर लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या अक्काताईनं चरखा थांबवून त्यांना पाणी दिलं होतं. तेव्हापासून दर वर्षी मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-तीन मुलं तिच्याकडं यायची. तिचा मुलगा मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला, नवरा केव्हाच गेलेला. घरात माणसांची ये-जा असली की तिलाही बरं वाटायचं. हजेरीच्या कागदावर ती सही करायची, आणि सहीच्या आधी शिकवायची. पहिल्या दिवशी वही बाहेर काढायची नाही. कुणी चहा दिला तर अर्धा का होईना, प्यायचा. भिंतीकडं, पत्र्याकडं बघत बसायचं नाही. आणि जे आपल्या हातानं होणार नाही, ते तोंडानं बोलायचं नाही.

"पुस्तकातलं सर सांगतील. दुसऱ्याच्या घरात बसायचं कसं, ते माझ्याकडनं शिका," ती म्हणायची.

अकराव्या वर्षी आलेल्यांत मनिषा होती. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. पहिल्या बसनं निघून यायची. बोलायला कमी, ऐकायला बरी. सरांनी प्रत्येकाला एक माणूस निवडून वर्षभर त्याच्याबरोबर काम करायला सांगितलं होतं. मनिषानं विचारलं, "आक्का, मी कुणाकडं जाऊ?" आणि अक्काताईनं गल्लीच्या टोकाची खोली दाखवली.

तिथं सिद्राम आप्पा राहायचे. चौऱ्याहत्तर वर्षांचे. निम्मं आयुष्य हातमागावर, उरलेलं पॉवरलूमवर गेलेलं. लूमच्या आवाजानं एक कान गेला होता, हात थरथरायचे. बारा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून ते पाणी भरायला तेवढे बाहेर पडत. त्यांना एक लेक होती, सत्यवती. सदलग्याच्या, साखर कारखान्यातल्या एका फिटरशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. जात वेगळी. "मला लेक न्हाय," असं आप्पांनी गल्लीत उभं राहून सांगितलं होतं. पुढं बायको आठ दिवस दवाखान्यात होती. तिनं आठही दिवस लेकीचं नाव काढलं. आप्पांनी सांगावा धाडला नाही. सत्यवतीला कळलं ते आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी, ते पण परक्याकडून. ती आली, गल्लीत उभी राहिली, बापाच्या दाराकडं बघितलं आणि उंबरा न ओलांडता परत गेली. अक्काताईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. त्या पोरीला हाक मारून आपल्या घरात तरी बसवायला पाहिजे होतं, हे तिला नंतर किती वेळा वाटलं.

पहिले काही आठवडे आप्पा मनिषाशी बोललेच नाहीत. ती जायची, दाराशी बसायची, तास भरला की "येते आप्पा" म्हणून उठायची. एक दिवस त्यांनीच विचारलं, "तू सारखी येतीस. तुला पायजे काय?"

"सर म्हणतात, एका माणसाची नीट ओळख करून घ्या."

"मग मीच घावलो व्हय?"

"आक्कानं सांगितलं."

आप्पा हसले. लाइट गेली होती, म्हणून ते हसणं चौथ्या घरात, अक्काताईकडं ऐकू आलं आणि कांडी भरता भरता तिचा हात थांबला. हा माणूस हसतो, हेच गल्ली विसरली होती.

मग दोघांचं जमलं. तुटलेला धागा गाठ दिसू न देता कसा जोडायचा, ते आप्पा तिला शिकवू लागले. तिला ते शेवटपर्यंत जमलं नाही. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी सत्यवतीचं सगळं सांगितलं, दवाखान्यातले आठ दिवससुद्धा. मनिषानं सरांना विचारलं आणि ती सदलग्याला गेली. पहिल्यांदा सत्यवतीनं तिला दारातच उभं केलं. दुसऱ्यांदा बसायला पाट दिला, पण बोलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, "मी त्या गल्लीत पाय ठेवणार न्हाय. त्यास्नी यायचं असलं तर येऊ देत. दार उघडं हाय. पण तूच घेऊन ये. ते एकटं आलं तर मला काय बोलावं ते सुधरायचं न्हाय."

मनिषानं हे येऊन आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ऊस सरला की जाऊ. जावयाला बी सवड पायजे." फिटरचा हंगाम त्यांना माहीत होता, म्हणजे एवढी वर्षं ते मनातल्या मनात सदलग्याचा हिशेब ठेवतच होते. मे महिन्यातला एक शुक्रवार ठरला.

आणि नेमका त्या शुक्रवारच्याच आठवड्यात कॉलेजचा कागद आला. वस्तीतलं काम संपलं, आता पुढचा महिना प्रत्येकानं एका संस्थेत राहून काम करायचं. मनिषाची नेमणूक निपाणीला, बिडी कामगार बायकांच्या संस्थेत. लगेच बुधवारी हजर व्हायचं, महिनाभर सुट्टी नाही. ती मंगळवारी सांगायला आली, तर आप्पांच्या खोलीला कडी. दाढी-कटिंगला गेले होते. ती दोन तास थांबली. मग गावाकडच्या बसची वेळ झाली.

"आक्का, आप्पांना सांगाल? म्हणावं, महिन्यानं मी स्वतः येते आणि घेऊन जाते. त्यांच्याकडं फोन नाही, पण माझा नंबर लिहून दिलाय."

"सांगते की. जा तू, बस चुकंल."

अक्काताई सांगायला गेली. खरंच सांगायलाच गेली होती. आप्पा गुळगुळीत दाढी करून बसले होते. दोरीवर धुतलेला पांढरा सदरा होता. तिला बघितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "शुक्रवारी किती वाजता येणार म्हणाली पोरगी?"

अक्काताईची जीभ भलतीकडंच वळली. "दहाला," ती म्हणाली.

दोन दिवस तरी आनंदात जाऊ देत, शुक्रवारी काहीतरी सांगता येईल, एवढाच विचार तिच्या मनात आला. शुक्रवारी दहाला आप्पा सदरा घालून, पिशवी भरून कट्ट्यावर बसले. अकराला अक्काताई गेली. "तिची परीक्षा लागलीया आप्पा. म्होरल्या शुक्रवारी येती." आप्पा म्हणाले, "परीक्षा म्हत्त्वाची." पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा बसले. या खेपेला अक्काताईनं पोरीला ताप आणला. मग मात्र तिला झोप येईना. ती म्हणाली, "आप्पा, मी येऊ काय संगं? जाऊन येऊ आपण."

"नको. लेक त्या पोरीशी बोललीया. माझ्याशी न्हाय." आप्पांनी मान हलवली. "पोरगी संगं असली म्हंजे दार लावणार न्हाय ती."

तिसऱ्या शुक्रवारी ऊन असं होतं की कट्टा तापला होता. आप्पा आत गेले नाहीत. आत बसलो आणि पोरगी येऊन परत गेली तर, म्हणाले. अक्काताईनं त्यांना ताक नेऊन दिलं. "ताप उतरला की म्होरल्या शुक्रवारी येईल," ते स्वतःच म्हणाले. तिला कितीदा वाटलं, मनिषाला फोन लावावा. पण लावला तर ती विचारणार, आक्का, तुम्ही आप्पांना सांगितलं नव्हतं का? मुलं येतात तेव्हा आपण त्यांना काय शिकवतो ते तिला आठवायचं आणि ती फोन ठेवून द्यायची.

चौथ्या शुक्रवारी तिच्यानं राहवलं नाही. ती आप्पांच्या शेजारी कट्ट्यावर बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आप्पा, पोरगी येणार न्हाय. निपाणीला गेलीया. पयल्याच मंगळवारी सांगून गेलती. अजून आठ-धा दिवसांनी येणार हाय."

लूम चालू होते. आप्पांनी ऐकू येणारा कान तिच्याकडं केला. तिला ते सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर आप्पांनी समोरच्या भिंतीकडं बघत विचारलं.

"मग तू मला चार शुक्रवार का बशीवलंस गं?"

आप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी उचलली आणि आत जाऊन दार पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या दाराला कुलूप दिसलं. बाजारात गेले असतील, असं तिला वाटलं. दुपारी एकच्या सुमाराला मनिषाचा फोन आला.

"आक्का, चिक्कोडीच्या दवाखान्यात या. आप्पा गेले."

ते एकटेच निघाले होते. चिक्कोडीला उतरले, सदलग्याच्या बसची वाट बघत बाकावर बसले आणि बसल्या जागी कलंडले. लोकांनी पाणी मारलं, सरकारी दवाखान्यात नेलं, पण पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. पोलिसाला खिशात एक चिठ्ठी मिळाली, मनिषाच्या अक्षरातली, तिच्या नंबरची. त्यानं फोन करून कन्नडमध्ये विचारलं, हे म्हातारे तुमचे कोण? ती निपाणीहून तशीच धावली होती.

अक्काताई गल्लीतल्या चौघांबरोबर चिक्कोडीला पोचली तेव्हा मनिषा व्हरांड्यातल्या फरशीवर बसली होती. मांडीवर आप्पांची पिशवी. पिशवीत दोन धोतरं, टॉवेल आणि पंधरा दिवसांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. तेवढे दिवस राहायचं मनात धरून ते निघाले होते.

"आक्का, ते एकटे का निघाले?" मनिषानं विचारलं. "महिन्यानं येते म्हणून सांगितलं होतं ना त्यांना?"

तेवढ्यात सत्यवती आली. चाळिशीची, उंच, बापासारख्याच रुंद कपाळाची. तिच्या मागं तिचा नवरा, कामावरच्या कपड्यांत. ती कुणाशी बोलली नाही. आत गेली, आणि आतून रडण्याचा आवाज नाही की हाक नाही. बऱ्याच वेळानं बाहेर आली. गल्लीतले लोक वडगावला न्यायची गाडी ठरवत होते. ती त्यांना म्हणाली, "गाडी नको. माझ्या दारात यायला निघालते न्हवं? मग माझ्याच दारातनं जातील."

आप्पांना सदलग्याला नेलं. लेकीनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं, अंघोळ घातली, पिशवीतलं धोतर नेसवलं. सांज व्हायच्या आत दूधगंगेच्या काठावर अग्नी दिला. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलणं नव्हतं, त्या जावयानंच दिला.

गल्लीत मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. कॉलेजच्या पोरीनं म्हाताऱ्याला आशा लावली आणि तोंड फिरवलं. चार शुक्रवार माणूस उन्हात बसला, ती फिरकली नाही. आपला अभ्यास झाला, माणूस मेला. हे सगळं अक्काताईच्या उंबऱ्यावर बसून बायका बोलायच्या. अक्काताई कांड्या भरत राहायची. चरखा फिरता असला की बोलावं लागत नाही. असे दोन महिने गेले.

ऑगस्टमध्ये नागेंद्र सर आले. आता केस पांढरे झाले होते. गुडघ्यावर हात ठेवून ते उंबऱ्यावरच बसले.

"अक्काताई, नवी मुलं आलीत. पाठवू का, हे विचारायचंही धाडस होत नाही मला. कागद मीच काढला होता. तिच्या माणसाचं काय, हे मी विचारलं नाही." मग ते म्हणाले, "मनिषानं कोर्स सोडायचा अर्ज दिलाय. माझ्यामुळं माणूस गेला, म्हणते. तिला एकच सांगितलंय, जायच्या आधी नव्या मुलांसमोर काय घडलं ते सांग. वस्तीतल्या लोकांनाही बोलावलंय. तुम्ही याल?"

अक्काताई गेली. तिनं कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली. लांबड्या खोलीत तीसेक मुलं, भिंतीजवळ वस्त्यांतली पाच-सहा माणसं. मनिषा पुढं उभी राहिली. उन्हाळ्यात होती त्याच्या निम्मी झालेली. कागदावरून वाचत होती. मी आप्पांना शब्द दिला. जाताना मी त्यांची भेट न घेता गेले. निरोप दुसऱ्याच्या हाती दिला आणि पोचला का, हे एकदाही विचारलं नाही. फोन करता आला असता, तोही केला नाही. ही चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. वाचताना तिनं एकदाही अक्काताईकडं बघितलं नाही, आणि अक्काताईच्या लक्षात आलं, हिला ठाऊक आहे. चार शुक्रवारांची गोष्ट गल्लीतून तिच्यापर्यंत पोचली असणार. निरोप पोचला असता तर माणूस चार शुक्रवार बसलाच नसता, हे कळायला काय लागतं? ठाऊक असून पोरगी सगळं आपल्या डोक्यावर घेत होती.

अक्काताई उठली. तिनं समोरच्या बाकाचा आधार घेतला.

"हिचं ऐकू नका," ती म्हणाली. "म्हंजे ऐका, पर निम्मंच हाय ते. ही पोरगी मला सांगून गेलती. महिन्यानं येते म्हणाली. मी ते आप्पांना सांगितलं न्हाय. शुक्रवारी येती म्हणून सांगितलं. त्यास्नी वाईट वाटू नये म्हणून. एकदा न्हाय, तीनदा खोटं बोलले. चौथ्या खेपेला खरं सांगितलं, तवर फार उशीर झालता. गल्ली हिला नावं ठेवत हुती तवा बी मी गप्प ऱ्हायले." ती मुलांकडं वळली. "अकरा वरसं मी पोरास्नी शिकीवलं, हुणार न्हाय ते बोलू नका. आणि माझ्यावर येळ आली तवा मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघून खरं बोलवलं न्हाय. दया आली की माणूस खोटं बोलतंय. तुम्हाला बी येईल दया. तवा काय करायचं, ते मला अजून ठाव न्हाय. सरांस्नी विचारा."

मनिषानं हातातला कागद घडी घालून ठेवला आणि ती अक्काताईजवळ येऊन उभी राहिली.

"आक्का, सत्यवतीताईंना हे माहीत नाही."

"न्हाय," अक्काताई म्हणाली. "तिला सांगाय पायजे."

पुढच्या रविवारी दोघी सदलग्याला गेल्या. चिक्कोडीच्या स्टँडवर बस बदलताना दोघींनीही बाकांकडं बघायचं टाळलं. सत्यवतीनं दार उघडलं, दोघींना आत घेतलं, पाणी दिलं. अक्काताईनं तांब्याला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं. काहीही न वगळता, पहिल्या "दहाला"पासून आप्पांच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत. सत्यवती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "चारी शुक्रवार बसले व्हते?"

"व्हय."

"उन्हात?"

"कट्ट्यावर. आत जाईनात. पांढरा सदरा घालून."

सत्यवतीनं तोंडाला पदर लावला. दवाखान्यात जे रडणं आलं नव्हतं ते आता आलं. गुरासारखं, सगळं अंग हलवून. तिचा नवरा आतून आला, दारात उभा राहिला आणि परत गेला. अक्काताईनं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण ठेवायचा धीर तिला झाला नाही.

"आईचं त्यांनी मला कळवलं न्हाय," सत्यवती पदरानं डोळे पुसून म्हणाली. "या पोरीचं तुम्ही त्यास्नी कळवलं न्हाय. समद्यांनी माझ्या चांगल्यासाठी, त्यांच्या चांगल्यासाठीच केलं आसंल." ती उठली. "आता जावा तुम्ही. चहा टाकला आसता, पर आज माझ्यानं हुणार न्हाय."

"पुन्हा येऊ काय?" मनिषानं विचारलं.

सत्यवतीनं तिच्याकडं बघितलं. "तू ये," ती म्हणाली. अक्काताईकडं बघून ती काहीच बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये मनिषा खिडकीकडं तोंड करून बसली होती. अर्ज मागं घेतला का, हे अक्काताईनं विचारलं नाही. कंडक्टर आला तेव्हा दोघींनी आधार कार्ड दाखवून बायकांची फुकट तिकिटं घेतली. बाजूला उसाच्या लावणीवरून परतणाऱ्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांतल्या एकीनं सरकून जागा देत विचारलं, "सदलग्यात कुणाकडं गेलता, मावशी? पावण्यांकडं?"

"न्हाय बाई," अक्काताई म्हणाली. मनिषानं खिडकीकडून तोंड न वळवता तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि बस चिक्कोडीच्या दिशेनं चालत राहिली.